क्यूच्या टोंकावरील कातडें

बिलिअर्ड, स्नूकर किंवा पूल, ह्यांपैकीं कोणताहि खेळ घेतला तरी चेंडूला खेळाडूचा हात लागत नाहीं. आणि बारकाईनें पाहिल्यास त्याच्या क्यूचें लांकूडहि लागत नाहीं. लागतें तें क्यूच्या अग्रावर चिकटविलेलें, सदऱ्याच्या गुंडीएवढें कातडें. खेळाडूची नजर, त्याच्या हाताचा झोक, त्याचा वर्षानुवर्षांचा सराव, हें सर्व त्या गुंडीएवढ्या दारांतूनच चेंडूपर्यंत पोंचतें. ह्या कातड्याला खेळाडू टिप म्हणतात. मराठींत टीप म्हटली कीं पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेली व विद्यार्थ्यांनीं सहसा न वाचलेली ओळ आठवते. प्रस्तुत टिप निराळी. मात्र दुर्लक्षाच्या बाबतींत दोघींचें दैव पुष्कळ दिवस सारखेंच होतें. अलीकडे तें पालटलें आहे. बाजारांत टिपांचे इतके प्रकार आले आहेत, आणि प्रत्येकाविषयीं इतक्या गोष्टी बोलल्या जातात, कीं नुकताच खेळूं लागलेला मुलगा चार महिन्यांत स्वतःच्या खेळापेक्षां टिपेविषयींच अधिक बोलूं लागतो.

त्यांतून घरोघर एक प्रश्न उभा राहतो. साधी टिप व नांवाजलेली टिप ह्यांच्या किंमतींत दहापट, कित्येकदां त्याहूनहि अधिक, अंतर असतें. मुलगा म्हणतो, “बाबा, त्या टिपेनें चेंडू जास्त फिरतो.” वडिलांस खेळाची माहिती नसते. ते एक तर पैसे देतात, नाहीं तर रागावतात. आणि दोहोंपैकीं एकहि गोष्ट विचारपूर्वक केलेली नसते. परंतु प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. ‘अमुक वस्तूनें अमुक घडतें’ असें म्हणण्याचा अधिकार आपणांस केव्हां पोंचतो, हा त्यांतील खरा प्रश्न आहे. आणि तो प्रयोगशाळेंतील परीक्षानळीइतकाच बिलिअर्डच्या टेबलावरहि शिकतां येतो. म्हणून आम्हीं हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. आरंभीं ह्या खेळांत क्यू नव्हताच. लांकडी दांड्याला पुढें रुंद ठोकळा बसविलेला असे व त्यानें चेंडू ढकलीत. चेंडू टेबलाच्या कडेला टेंकला म्हणजे तो ठोकळा तेथें नीट पोंचत नसे; मग खेळाडू दांडा उलटा करून त्याच्या बारीक शेंपटानें चेंडू मारूं लागले. फ्रेंच भाषेंत शेंपटाला ‘क्यू’ म्हणतात. तेंच नांव पुढें राहिलें. पण लांकडाचें उघडें टोंक चेंडूच्या मध्यावर लागलें तरच ठीक. थोडें बाजूस लागलें कीं तें घसरे. ह्या टोंकावर कातडें बसविण्याचें श्रेय फ्रान्स्वा मिंगो नांवाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यास देतात. पॅरिस येथील बंदिवासांत असतां त्यानें ही युक्ति सिद्धीस नेली असें सांगतात, व त्यासाठीं १८०७ हें साल सामान्यतः दिलें जातें. बंदिवासांतहि त्याला टेबल मिळालें होतें, ही गोष्ट आजच्या वाचकांस थोडी चमत्कारिक वाटेल. १८२७ मध्यें त्यानें ह्या खेळावर एक सचित्र पुस्तकहि प्रसिद्ध केलें. कातडें आल्याबरोबर चेंडूला बाजूनें मारून त्यास फिरकी देणें शक्य झालें आणि खेळाचें रूपच बदललें. इंग्लंडांत बाथ येथें कार नांवाचा एक मनुष्य टिपेस लावण्याची भुकटी मोठ्या गूढपणानें विकीत असे. ती साध्या खडूचीच होती असें म्हणतात. आजचा निळा किंवा हिरवा खडू मात्र फळ्यावरचा खडू नव्हे. १८९७ मध्यें अमेरिकेंत विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स ह्यांनीं ज्याचें पेटंट घेतलें, त्या सिलिका व कुरुविंदासारख्या कठीण भुकटीच्या मिश्रणाचा तो वंशज आहे.

आमच्या देशाचा ह्या खेळाशीं संबंध केवळ पाहुण्याचा नाहीं. स्नूकर हा खेळ १८७५ मध्यें जबलपूर येथील लष्करी छावणींत नेव्हिल चेंबरलेन ह्या तरुण अधिकाऱ्यानें काढला असें मानतात, व १८८२ मध्यें उटकमंड येथील क्लबांत त्याचे नियम लिहिले गेले. पुण्यास १९२२ मध्यें जन्मलेले विल्सन जोन्स ह्यांनीं १९५८ मध्यें कलकत्त्यास बिलिअर्डचें जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविलें, आणि १९६४ मध्यें न्यूझीलंडांत तें पुन्हां मिळविलें. पुढें मुंबईच्या मायकेल फरेरा ह्यांनीं १९७७ पासून तेंच पद तीन वेळां जिंकलें. हा खेळ रिकामटेंकड्यांचा, अशी समजूत असलेल्या पालकांनीं हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं, एवढीच आमची विनंति आहे.

आतां कातड्याकडे वळूं. जनावराचें कच्चें कातडें तसेंच ठेवल्यास कुजतें. म्हणून तें कमावावें लागतें. कमावण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. एक जुनी, झाडांच्या सालींनीं व फळांनीं कमावण्याची. आपल्याकडे बाभळीची साल व सह्याद्रींतील हिरडा हे पदार्थ ह्या कामीं प्रसिद्ध आहेत, आणि कोल्हापुरी वहाण ज्यानें वापरली आहे त्याला अशा कातड्याचा स्वभाव ठाऊक आहे: तें नवें असतां ताठ असतें, आणि वापरानें पायाच्या ठेवणीप्रमाणें आकार घेतें. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आली. असें कातडें ओलें असतां फिकट निळें दिसतें व तें मऊ, लवचिक राहतें. टिपांमध्यें दोन्ही जातींचीं कातडीं वापरतात. गाय, म्हैस, डुक्कर ह्या जनावरांचीं कातडीं त्यांस उपयोगी पडतात. ज्या घरांत ह्यांपैकीं कोणत्याहि एकास धार्मिक हरकत असेल त्यांनीं खरेदीपूर्वीं चौकशी करावी, कारण टिपेकडे पाहून हें ओळखतां येत नाहीं.

घडणीवरून पाहतां टिपा दोन प्रकारच्या. पहिली एकसंध, म्हणजे जाड कातड्यांतून गोल चकती कापून व दाबून केलेली. अमेरिकेंतील ट्वीटन ह्या कारखान्याची एल्क मास्टर ही निळी, क्रोमनें कमावलेली टिप ह्या वर्गांतील सर्वांत परिचित उदाहरण होय. ती मऊ असते, आणि स्नूकर खेळणाऱ्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या आहेत. दुसरी थरांची, म्हणजे कातड्याचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली. थर पांच-सहापासून दहा-अकरापर्यंत असतात. जपानांतील कामुई ही डुकराच्या कातड्याची टिप ह्या वर्गांत नांवाजलेली आहे.

दोन्हींचे गुणदोष त्यांच्या घडणींतूनच निघतात. कातडें हें यंत्रांतून निघालेलें द्रव्य नव्हे. तें पाठीचें निराळें, पोटाचें निराळें. म्हणून एकसंध टिपांच्या एकाच खोक्यांत एक मऊ, दुसरी टणक, तिसरी मध्यम अशी विषमता असते. जाणते कारागीर खोकें उघडून प्रत्येक टिप दगडी फरशीवर टाकतात व आवाज ऐकून त्यांचे ढीग करतात. कोणी त्या नाजूक तराजूंत तोलतात. मऊ एकसंध टिपेचा दुसरा दोष असा कीं मार खाऊन ती चेपते व अळंब्याप्रमाणें कडेनें बाहेर पसरते. मग ती पुन्हां पुन्हां कापावी लागते. थरांच्या टिपेंत पापुद्रे निवडून घेतलेले असल्यामुळें एक टिप दुसरीसारखी निघण्याचा संभव पुष्कळ अधिक, आणि ती पसरतेहि कमी. मात्र चिकटविलेलें सुटूं शकतें. एखादा थर निघाला म्हणजे ती टिप संपली. थरांच्या टिपेची वाढीव किंमत आहे ती मुख्यतः ह्या सारखेपणाची. चेंडू अधिक फिरविण्याची ती नव्हे, हें पुढें दाखवूं.

एका घरगुती युक्तीचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंतील कांहीं खेळाडू स्वस्त एल्क मास्टर टिप दिवसभर दुधांत भिजवितात, मग पेचांत घट्ट आवळून वाळवितात, आणि तिला दूध घातलेल्या एका मिठाईचें नांव देतात. अशी टिप घट्ट होते व कमी पसरते. ह्यांत दुधाचा वांटा किती व पेचाचा किती, हें दुधाऐवजीं पाणी घेऊन कोणीहि पडताळून पाहावें. आमचा कल पेचाकडे आहे.

वेष्टनावर ‘मऊ’, ‘मध्यम’, ‘कठीण’ असे शब्द छापलेले असतात. हे शब्द वजनमापांसारखे सर्वत्र एक नाहींत. एका कारखान्याची मध्यम ती दुसऱ्याची कठीण असूं शकते. एकाच कारखान्याच्या दोन टिपांची तुलना ह्या शब्दांवरून करतां येईल. दोन कारखान्यांच्या टिपांची करतां येणार नाहीं.

मऊ टिप चेंडूला अधिक वेळ ‘धरून ठेवते’ आणि म्हणून अधिक फिरकी देते, असें बहुतेक सर्व खेळाडू मानतात. ह्यांतील पूर्वार्ध खरा आहे. टिप व चेंडू ह्यांचा स्पर्श सुमारें एक सहस्रांश सेकंद टिकतो. फार मऊ टिपेंत तो वाढून दोन सहस्रांशांच्या जवळ जातो. पण ह्या अवधींत घडतें काय, तें मोजूं. चेंडू स्थिर स्थितींतून निघून सेकंदाला ३ मीटर वेगानें गेला असें समजा. स्पर्शाच्या काळांतील त्याचा सरासरी वेग सुमारें दीड मीटर. म्हणजे एका सहस्रांश सेकंदांत तो अवघा दीड मिलिमीटर सरकला. हाताला ह्याची जाणीव होण्यापूर्वींच चेंडू निघून गेलेला असतो. टिप जर चेंडूवर घसरली नाहीं, तर चेंडूची फिरकी त्याच्या वेगाच्या मानानें किती असेल हें एकाच गोष्टीवर अवलंबून राहतें: चेंडूच्या मध्यापासून किती अंतरावर टिप लागली. स्पर्श दुप्पट वेळ टिकला तरी हें अंतर बदलत नाहीं, आणि म्हणून फिरकीहि वाढत नाहीं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठांत यंत्रशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड ॲल्सिअटोर ह्यांनीं ह्या खेळाच्या पदार्थविज्ञानाचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांचाहि निष्कर्ष असाच आहे.

मग टिप काय करते? ती घसरत नाहीं, हेंच तिचें मुख्य काम. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें त्रिकोणमिति आठवावी. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर टिप लागली, तर त्या ठिकाणीं चेंडूच्या पृष्ठाचा लंब क्यूच्या दिशेशीं ३० अंशांचा कोन करतो. टिप घसरूं नये म्हणून घर्षणाचा गुणक ३० अंशांच्या टँजंटाहून, म्हणजे ०.५८ हून, कमी असतां कामा नये. खडू लावलेलें कातडें एवढें घर्षण जेमतेम देतें. म्हणून त्रिज्येचा निम्मा भाग ही व्यवहारांतील मर्यादा ठरली आहे. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, तेव्हां ही मर्यादा मध्यापासून सुमारें १३ मिलिमीटरांवर येते. पूलचा चेंडू ५७.२ मिलिमीटरांचा, त्याची सुमारें १४ वर. खडू नसेल तर मर्यादा पुष्कळच आंत सरकते आणि क्यू निसटतो. तात्पर्य, टिपेकडून अपेक्षा करावयाची ती खडू नीट धरून ठेवण्याची. कठीण टिप कालांतरानें चकचकीत होते व खडू झिडकारते. तिचें अंग मधून मधून खरखरीत करावें लागतें. मऊ टिपेस ही निगा कमी लागते. मऊ टिपेचा लौकिक वाढला त्याचें एक खरें कारण आमच्या मतें हें आहे: आळशी मनुष्याच्या हातांत ती कमी निसटते.

दुसरें कारण आकाराचें आहे, आणि तें अधिक बोधप्रद आहे. टिपेचें पृष्ठ घुमटाकार असतें. अमेरिकेंतील खेळाडू त्याची गोलाई दोन नाण्यांच्या कडांशीं ताडून पाहतात. एक सुमारें १८ मिलिमीटर व्यासाचें, दुसरें २१ मिलिमीटरांचें. आतां भूमितींतील स्पर्शवर्तुळांचें प्रमेय घ्या: दोन वर्तुळें परस्परांस स्पर्श करतात तेव्हां स्पर्शबिंदु त्यांचे मध्य सांधणाऱ्या रेषेवर असतो. एक वर्तुळ चेंडूचें, त्रिज्या २६.२५ मिलिमीटर, दुसरें टिपेच्या घुमटाचें, त्रिज्या ९ मिलिमीटर. खेळाडूनें क्यूचा अक्ष चेंडूच्या मध्यापासून १० मिलिमीटर बाजूला नेला. समरूप त्रिकोणांवरून प्रत्यक्ष स्पर्श मध्यापासून १० × २६.२५ ÷ ३५.२५, म्हणजे ७.४ मिलिमीटरांवर होतो. आतां तीच टिप झिजून चपटी झाली व तिच्या घुमटाची त्रिज्या २० मिलिमीटर झाली असें समजा. क्यू पूर्वीइतकाच बाजूला नेला तरी स्पर्श १० × २६.२५ ÷ ४६.२५, म्हणजे ५.७ मिलिमीटरांवर होईल. नेम तोच, हात तोच, आणि फिरकी जवळजवळ चौथाईनें कमी!

आतां मुलाच्या त्या वाक्याकडे परत या. त्याची जुनी टिप चपटी, चकचकीत झालेली होती. दुकानांतून नवी, मऊ, महाग टिप आली. कारागिरानें ती छान गोल करून दिली. नव्या टिपेच्या आनंदांत मुलानें प्रत्येक फटक्यापूर्वीं खडूहि लावला. चेंडू अधिक फिरला हें खोटें नाहीं. पण एका वेळीं चार गोष्टी बदलल्या: जात, गोलाई, पृष्ठाचा खरखरीतपणा आणि खडूची संवय. श्रेय मात्र एकटीला मिळालें, आणि तेंहि जिच्यावर पैसे खर्च झाले तिला. जुनी टिप चिमूटभर कांचकागदानें गोल केली असती तर काय झालें असतें, हें त्यानें पाहिलेंच नाहीं.

तेव्हां दोन टिपांची तुलना करावयाची ती अशी. क्यू एकच घ्यावा, कारण बाजूनें मारलेला चेंडू क्यूच्या रेषेपासून किंचित् उलट दिशेस ढळतो, आणि तो ढळ मुख्यतः क्यूच्या पुढच्या कांहीं इंचांच्या वजनावर अवलंबून असतो. क्यू बदलला कीं सारा हिशेब बदलला. दोन्ही टिपा एकाच नाण्याला ताडून सारख्या गोल कराव्या. खडू एकाच वडीचा. पूलच्या चेंडूंपैकीं ९ ते १५ ह्या अंकांचे चेंडू पट्ट्याचे असतात. त्यांतील एक घेऊन त्याचा पट्टा उभा, खेळणाऱ्याकडे तोंड करून ठेवावा. पट्ट्याची मध्यरेषा हीच चेंडूची मध्यरेषा. चेंडू समोरच्या कडेवर सरळ काटकोनांत मारावा. फटका बसल्यावर चेंडूवर खडूचा लहानसा ठिपका उमटतो. त्याचें मध्यरेषेपासून अंतर मोजून एका स्तंभांत लिहावें. कडेवरून परततांना चेंडू फिरकीमुळें किती बाजूस गेला, तें फीत लावून दुसऱ्या स्तंभांत लिहावें. वेग सारखा राहावा म्हणून परत येऊन जो चेंडू ठरविलेल्या पट्ट्याच्या आंत थांबला नाहीं, तो फटका खोडून टाकावा. प्रत्येक टिपेचे निदान वीस फटके घ्यावे. लिहिणारा दुसरा असावा. मारणारानेंच लिहिलें तर त्याच्या आवडत्या टिपेचे वाईट फटके ‘हात हालला होता’ म्हणून खोडले जातात.

मग आलेखाच्या कागदावर हे आंकडे मांडावे, एका टिपेचे फुलीनें व दुसरीचे टिंबानें. फुल्या व टिंबें दोन निराळ्या रेषांवर पडलीं तर टिपांत फरक आहे. एकाच रेषेभोंवतीं मिसळलीं तर नाहीं. वर सांगितलेल्या गणितावरून तीं मिसळावीं अशीच आमची अपेक्षा आहे. पण अपेक्षा करणें निराळें व मोजणें निराळें, म्हणून ज्यास ही गोष्ट पटत नसेल त्यानें अवश्य मोजावें. सुटीच्या एका दुपारचें हें काम आहे.

ह्यावरून सर्व टिपा सारख्याच, असें मात्र कोणी समजूं नये. टणकपणाचा परिणाम वेगावर होतो. टिप चेंडूवर आदळते तेव्हां कांहीं शक्ति तिच्या चेपण्यांत खर्च होते. आदळण्यापूर्वींचा परस्परसापेक्ष वेग व नंतरचा वेग ह्यांचें गुणोत्तर कातड्याच्या टिपेंत साधारण ०.७ ते ०.७५ असतें, तर फिनोलिक नांवाच्या कठीण राळेच्या टिपेंत ०.८ च्या वर जातें. म्हणूनच पूलमधील पहिल्या, चेंडू फोडण्याच्या फटक्यासाठीं कित्येक खेळाडू तशा टिपेचा दुसरा क्यू बाळगतात. कातड्याच्या मऊ व कठीण टिपांत फरक एवढा नसला तरी असतोच, आणि हळुवार खेळांत तो हाताला कळतो. शिवाय आवाज व हाताला येणारी जाणीव ह्यांतहि भेद आहे: कठीण टिप ‘टक्’ करते, मऊ टिप ‘थप्’. ह्याला कोणी कल्पनेचा खेळ म्हणूं नये. आपला फटका कसा बसला हें खेळाडू ह्याच खुणेवरून ओळखतो व पुढचा फटका सुधारतो. ज्यास एका आवाजाची संवय झाली त्यास दुसरा परका वाटणारच.

एवढें समजल्यावर निवड फारशी अवघड राहत नाहीं. स्नूकरच्या क्यूचें टोंक बहुधा ९ ते १० मिलिमीटरांचें, पूलच्या क्यूचें १२ ते १३ मिलिमीटरांचें. टिप त्याहून किंचित् मोठी घेऊन बसविल्यावर कापावी. नवख्यानें साधी एकसंध टिप घ्यावी, मऊ किंवा मध्यम. आणि तीच सहा महिने वापरावी. स्वस्त टिपेवर कापणें, घांसणें, गोल करणें हीं कामें शिकतांना बिघडलें तर हळहळ वाटत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे. जो नियमानें स्पर्धांत खेळतो, ज्याची टिप वर्षांत अनेकदां बदलावी लागते आणि ज्याला नवी टिप जुनीसारखीच हवी, त्याला थरांच्या टिपेची किंमत परवडते. एरवीं ती हौस आहे. हौसेस आमचा विरोध नाहीं. तिला गरज म्हणूं नये, इतकेंच.

टिप बसविण्याचें काम मुलांनीं प्रथम कोणा जाणत्याच्या देखत करावें, कारण त्यांत धारदार पातें लागतें, आणि हल्लीं सरसाऐवजीं जो शीघ्र चिकटणारा द्रव वापरतात तो बोटांना बोट चिकटवितो व डोळ्यांत गेल्यास घात करतो. जुनी टिप काढून पितळी कड्याचें तोंड अगदीं सपाट करावें. टिपेची पाठहि सपाट कांचकागदावर घांसून घ्यावी. दोन्ही कोरडीं व स्वच्छ असावीं. थेंबभर चिकटद्रव्य लावून टिप मध्यावर ठेवावी व दाबून धरावी. पुरती वाळल्यावर क्यू टिपेवर उभा धरून, कठीण फळीवर, तिची बाहेर आलेली कड पात्यानें कापावी. मग कड कांचकागदानें गुळगुळीत करावी. पितळी कड्याला व लांकडाला कागद लागूं देऊं नये, नाहीं तर क्यूचें टोंक दर वेळीं बारीक होत जातें. अशा रीतीनें बिघडलेले चांगले क्यू क्लबांतून कमी नाहींत. शेवटीं गोलाई द्यावी.

आपल्याकडे कोंकणांत व मुंबईंत पावसाळा ही टिपांची खरी कसोटी. कातडें हवेंतील ओल शोषून फुगतें, मऊ पडतें, प्रसंगीं बुरसतें. राखीव टिपा झांकण घट्ट बसणाऱ्या बरणींत ठेवाव्या. पावसाळ्यांत टिप एकाएकीं मऊ वाटूं लागली तर ती बदलण्याची घाई करूं नये. आश्विनांत ती पुन्हां ताळ्यावर येते.

नवी एकसंध टिप पहिले कांहीं तास मार खाऊन दबते, तिचा आकार बदलतो आणि ती हळूहळू स्थिर होते. पहिल्या दिवसावरून तिची परीक्षा करूं नये. झिजतां झिजतां कडेची जाडी सवा मिलिमीटराच्या आसपास आली म्हणजे टिप बदलावी. त्याहून पातळ झाली तर लांकडाला हादरा बसतो व कडें सैल होतें. हा बदल सामन्याच्या आदल्या संध्याकाळीं न करतां निदान आठवडाभर आधीं करावा, आणि जुन्या टिपेची गोलाई ज्या नाण्याला ताडली होती तेंच नाणें नवीसाठीं क्यूच्या पेटींत ठेवून द्यावें.